उघड्या पंखांची टाचणी

जगात मला सगळ्यात जास्त लाज कुणी आणली असेल तर ती आमच्या घरमालक काकांनी, आणि तीही एका जातीची नाही, दोन जातींची. पहिल्या जातीची लाज आणायला त्यांना फार काही करावं लागत नसे. ते नुसते घराबाहेर पडले की पुरे. दुसरी मात्र त्यांनी एकदाच आणली आणि ती अजून माझ्या अंगावरून उतरलेली नाही. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. मान खाली, कान गरम. पण जवळ जाऊन नीट पाहिल्याशिवाय कशालाही नाव द्यायचं नाही अशी काकांची शिस्त आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

मी सांगलीकडचा, जत भागातला. आमच्याकडं तळं म्हणजे पावसाळ्यात रस्त्याला पडतं ते. शाळा आठवीत सुटली, मग वेल्डिंग शिकलो आणि एका परप्रांतीय ठेकेदाराच्या टोळीबरोबर भिलाईला आलो. काम संपल्यावर टोळी पुढं ओडिशाकडं गेली, मी मागं राहिलो, कारण खुर्सीपारला गेट-ग्रिलच्या एका दुकानात काम मिळालं होतं आणि नवीन गावाची भीती मला दर वेळी नव्यानं वाटते. खोली शोधत तिथल्याच मरोदा वस्तीत फिरत होतो. हिंदी तोडकीमोडकी, छत्तीसगढी तर डोक्यावरून जाणारी. अशात एका कुंपणाआडून बाईचा आवाज आला, "अवो, चहा थंडा होऊन राह्यला ना बाप्पा!" महिनोन्‌महिने मराठी ऐकलं नव्हतं. ती नागपूरकडची का असेना, मराठीच होती. मी फाटक धरून तसाच उभा राहिलो. आत अंगणात खुर्चीवर एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ बसले होते. अंगात बनियन, कमरेला लुंगी आणि डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट.

त्यांनी मला आधारकार्ड विचारलं नाही, काम काय करतोस विचारलं नाही, पितोस का हेही विचारलं नाही. कपड्याच्या दोरीकडं बोट केलं आणि म्हणाले, "ते काय बसून हाये?" मी पाहिलं. लांब शेपटीचा, चार पंखांचा एक किडा होता. गावाकडं आम्ही त्याला जे म्हणायचो तेच बोललो, "हेलिकॉप्टर." काकांनी डोळे मिटून घेतले, कुणीतरी चिमटा काढल्यासारखे. एवढ्यात काकू बाहेर आल्या. "द्या ना बाप्पा खोली त्याले! पोरगं दारात आलं अन् तुमी त्याले परीक्षेले बसवून राह्यले." काका हेल्मेट मागं सारून म्हणाले, "हेलिकॉप्टर म्हणते हा. पण याले दिसलं तरी. मागचा भाडेकरू म्हणे, कुठं काय बसून हाये?" एवढ्या पात्रतेवर मला मागची खोली मिळाली. आयुष्यात पास झालेली ती माझी शेवटची परीक्षा.

काका कारखान्यात स्टोअरला होते. सगळी नोकरी नट एका खणात आणि बोल्ट दुसऱ्या खणात ठेवण्यात गेली, आणि रिटायर झाल्यावरही वेगळं ते वेगळं ठेवायची खाज काही गेली नाही. घरात काकूंनी डब्यांना हात लावू दिला नाही, तेव्हा ते मागच्या तळ्याकडं वळले. तिथं त्यांना असं दिसलं, की अख्खं गाव चतुर आणि टाचणी एकाच खणात टाकून बसलंय. चतुर म्हणजे तो दणकट, सरळ रेषेत झेपावणारा. टाचणी म्हणजे ती बारीक, काडीसारखी, वाऱ्यानं हलणारी. "चुलत भावंडं हायेत," काका सांगत, "पण चुलत भावाले कोणी सख्खा म्हणते का?" ओळखायची त्यांची एक ठरलेली रीत होती आणि तिचा क्रम बदललेला त्यांना खपत नसे. आधी डोळे पाहायचे. चतुराचे डोळे मोठे, जवळजवळ एकमेकांना भिडलेले, डोकं म्हणजे नुसते डोळेच. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, मधे मोकळी जागा. मग पंख पाहायचे. चतुराचे मागचे पंख पुढच्यापेक्षा रुंद, टाचणीचे चारी सारखे. मग अंग पाहायचं, जाड का बारीक. आणि बसलंय कसं हे सगळ्यात शेवटी. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी पाठीवर मिटून बसते. "पण बसणं शेवटी, समजलं का? बसणं फसवते." हे ते इतक्या वेळा म्हणत, की मी ऐकायचं सोडून दिलं होतं. मला आपला सोपा नियम पाठ होता. उघडे पंख तो चतुर, मिटलेले ती टाचणी. आठवीपर्यंतची शाळा अशाच सोप्या नियमांवर निघाली होती.

रोज सकाळी ते तळ्याच्या बंधाऱ्यावर जात आणि जाताना मला बरोबर नेत, कारण माझं दुकान उशिरा उघडे आणि मला नाही म्हणता येत नसे. डोक्यावर हेल्मेट असेच. कापडी टोपीवर चतुर बसत नाही, हेल्मेटवर बसतो, हा त्यांचा शोध. मग एक हात लांब करून, हातात खराट्याची काडी धरून ते पाण्याकाठच्या बेशरमाच्या झुडपांपाशी पुतळ्यासारखे उभे राहत. पकडायचं नाही, हात लावायचा नाही. त्याला वाटलं तर तो काडीवर येऊन बसेल. फिरायला येणारे लोक आधी थबकत, मग वळसा घालून जात. एकदा एका आजींना वाटलं, बाबांचं काही व्रत चालू आहे. त्यांनी पायाशी झेंडूचं फूल ठेवलं आणि नमस्कार करून गेल्या. काका हलले नाहीत, कारण त्याच वेळी काडीवर लाल चतुर बसला होता. मी मात्र दहा पावलं लांब जाऊन, मोबाइल कानाला लावून, कुणाशीच न बोलता बोलत होतो. आमच्या दुकानातला एकजण नेमका सायकलवरून चालला होता. ओरडला, "क्या भाई, बाबा का आश्रम खुल गया क्या? परसाद बचाके रखना!" दिवसभर दुकानात मला 'चेला' म्हणत होते. ही पहिल्या जातीची लाज. अशी रोजची.

लग्नात तर त्यांच्याबरोबर जाऊच नये. एका रिसेप्शनला आम्ही स्टेजवर फोटोला उभे होतो. नवरीच्या केसात चकचकीत किड्याची पिन होती. काका आशीर्वाद देता देता वाकले, पिन न्याहाळली आणि म्हणाले, "बेटा, दुकानदाराने फसाया तुमको. डोळे चतुराचे, पंख टाचणीचे. ऐसा प्राणी होताच नहीं." फोटोत नवरी रडवेली, काका गंभीर आणि मी खाली माझ्या बुटांकडं पाहतोय. काकूंनी घरी आल्यावर सुनावलं, "माह्या लग्नात यायनं मले इतकं निरखून पाह्यलं असतं, तर नाकावरचा तीळ तेव्हाच दिसला असता. बारा महिन्यांनी विचारते मले, हा कधी आला?"

घरामागं एक ड्रम होता पाण्याचा. त्यात काका टाचणीची पिल्लं वाढवत. शेपटीला तीन छोटी पानं असलेले ते मळकट किडे पाहून कुणालाही उलटी यावी. एकदा डासांची तपासणी करायला आलेल्या माणसानं ड्रम उलटायला हात घातला, तर काका आडवे आले. "भाई, ये मच्छर का बच्चा नहीं है. ये मच्छर खानेवाले का बच्चा है. पुलिस को पकडके ले जाओगे क्या?" तो माणूस माझ्याकडं बघून म्हणाला, "आपके पिताजी हैं?" मी चटकन म्हणालो, "नहीं नहीं, मैं किराएदार हूं." काकांनी ते ऐकलं. त्या आठवड्यातच मला टायफॉइड झाला. काकांनी मला स्कूटरवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. खिडकीवर "पेशंट तुमचा कोण?" असं विचारल्यावर त्यांनी एका दमात "मुलगा" सांगितलं. पुढं पंधरवडाभर काकू मला मुगाचं पाणी पाजत होत्या आणि काका उशाशी बसून टाचणी अंडी कशी घालते ते समजावत होते. तापात मला त्यातलं बरंच पटलंही.

माणसांचेही त्यांनी खण पाडले होते. काकूंचा भाऊ चतुर, "आला का पंख पसरूनच बसते, दुसऱ्याले सोफ्यावर जागा नाही." जावई टाचणी, गोंदियाचे व्याही टाचणी. काकू विचारत, "अन् तुमी?" तर म्हणत, "मी स्टोअरवाला. मी मोजत नाही स्वतःले." मला त्यांनी पहिल्याच महिन्यात टाचणीच्या खणात टाकलं होतं. "तू म्हणजे पक्की टाचणी हायेस लेका. कोणी शिकलेला माणूस दिसला का पंख मिटून काडीले चिकटते." खोटं नव्हतं. बँकेत, दवाखान्यात, अगदी गिऱ्हाईक इंग्रजी बोलणारं निघालं तरी मी मागं सरकतो. माझं मोजमाप बरोबर असलं तरी मी 'हो साहेब' म्हणून चुकीचं गेट बनवून दिलेलं आहे. काका त्यावर चिडत. "बोलत कावून नाही तू? चुकशील तर चुकशील! कोणी गोळी मारून राह्यलं का तुले?"

काकांची एकच इच्छा होती. तळ्याच्या बंधाऱ्यावर एक बोर्ड लागावा. एका बाजूला चतुर, एका बाजूला टाचणी, खाली चार ओळी, हिंदीत. येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावं, खाली वाकून पाहावं, बस. तळ्याची देखरेख करणाऱ्या ऑफिसात त्यांनी इतक्या चकरा मारल्या, की तिथला शिपाई त्यांना पाहिलं की स्वतःच 'साहब नहीं हैं' म्हणे. शेवटी साहेब म्हणाले, कॉलेजातल्या कुणा जाणकारानं येऊन पाहून सांगितलं की हे म्हातारेबुवा म्हणतात ते खरं आहे, तर लावा बोर्ड. काकांना तेवढं पुरलं. त्यांनी रायपूरच्या एका प्राध्यापक बाईंचा नंबर मिळवला आणि त्या हो म्हणेपर्यंत त्यांना रोज सकाळी नमस्काराचा मेसेज केला. इकडं मला दुकानात बोर्डाची चौकट करायला लावली. दोन पाइप, वर अडकवायला कड्या, सगळं माझ्या हातचं वेल्डिंग. पाइप बंधाऱ्यात सिमेंट घालून रोवूनसुद्धा टाकले. "आधी बोर्ड तर मंजूर होऊ द्या," काकू म्हणाल्या. काका म्हणाले, "नट तयार असला का बोल्ट येतेच."

पण मधेच त्यांचे डोळे गेले. गेले म्हणजे मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं, त्यातून लांबचं दिसे. जवळचं सगळं दुधात बुडाल्यासारखं. तपासताना डॉक्टरीणबाईंनाच त्यांनी चतुराच्या डोळ्यांवर प्रश्न विचारले आणि त्यांना उत्तरं येईनात म्हटल्यावर दुसऱ्या डोळ्याला नकार दिला. तेव्हापासून तळ्यावर मी त्यांचे डोळे झालो. ते उभे राहत, मी वाकून पाही आणि कानात हळूच सांगे. त्यांना खरं तर मी मोठ्यानं सांगायला हवं असे. "कानात कावून सांगतं बे? टाचणी आयकून पळून जाणार हाये का?"

दसरा होऊन गेला आणि बाई आल्या. बरोबर कॉलेजची मुलं-मुली, गळ्यात कॅमेरे. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हेल्मेट धुतलं होतं. बाई चांगल्या होत्या, मराठीच होत्या, दुर्गच्या जुन्या घराण्यातल्या. काकांनी बंधाऱ्यावरून चालत चालत असं सांगायला सुरुवात केली, की मुलं कॅमेरे विसरली. कुठल्या महिन्यात कोण येतं, कोण दुपारी बसतं, कोण शेपटी आभाळाकडं करून उन्हापासून वाचतं. बाई मान डोलवत होत्या. "काका, हे सगळं तुम्ही एकट्यानं पाहिलंत?" काका म्हणाले, "एकट्यानं कुठं? हा हाये ना माह्या संगं. याचे डोळे पाहा तुमी, घारीचे." आणि सगळ्या कॉलेजासमोर त्यांनी मला पुढं ढकललं. बेशरमाच्या एका फांदीवर काहीतरी बारीक, हिरवट चमकत होतं. "सांग बाबू. मोठ्यानं सांग, मॅडमले आयकू जाऊ दे."

मी वाकलो. छाती इतकी धडधडत होती की फांदीच हलतेय असं वाटलं. पंख दिसले. उघडे होते. त्या क्षणी मला काय झालं कोण जाणे, इतक्या शिकलेल्या माणसांपुढं मी आयुष्यात पहिल्यांदा खणखणीत आवाजात बोललो, "चतुर!" तळ्याच्या पलीकडं धुणं धुणाऱ्या बायकांनीही मान वर केली असेल.

काकांचा चेहरा उजळला. माझ्या शब्दानं का आवाजानं, ते मला तेव्हा कळलं नाही. मागची एक मुलगी कॅमेऱ्यात डोळा घालून म्हणाली, "मैम, ये तो टाचणी वाला है. आंखें देखिए ना, दूर-दूर हैं. बस पंख खोलके बैठी है." कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि अगदी हळू आवाजात, दुखू नये अशा बेतानं विचारलं, "हिला चतुर कुणी ठरवलं?"

मी नेहमीसारखा मागं सरकायला निघालो होतो. पण मी बोललो. देवाशपथ बोललो, "मी, मॅडम." आणि त्याच वेळी काका बोलले, "मी." मग त्यांनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. "मी शिकवलं याले तसं. उघडे पंख तो चतुर. माह्याच डोक्यात तसं बसून होतं." मी म्हणालो, "नाही मॅडम, काकांनी डोळेच पाहायला सांगितलं होतं, मीच विसरलो." काका ओरडले, "तू चूप बस! शिकवणारा चुकला तर शिकणारा काय करीन?" मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. जितकं सांगावं तितके बाईंचे डोळे मऊ होत गेले, आणि मला कळलं, की कुणाचाच माझ्यावर विश्वास नाही. त्यांना वाटत होतं, बिचारा म्हाताऱ्याची बाजू सावरतोय. बाई मला म्हणाल्याही, "छान मुलगा आहेस. असा जीव लावणारं माणूस मिळायला नशीब लागतं." ती मुलगी तर माझ्याकडं इतक्या कौतुकानं बघत होती की मला तळ्यात उडी मारावीशी वाटली.

पुढचं फार नाही. बाई काकांशी पूर्वीसारख्याच आदरानं बोलत राहिल्या, पण आता कुणी काही विचारत नव्हतं, नुसतं ऐकून घेत होते. काका शेपटी आभाळाकडं करणाऱ्याचं पुन्हा सांगायला लागले तर एका मुलानं कॅमेऱ्याचं झाकण लावलं. रोवलेल्या पाइपांपाशी आल्यावर बाई म्हणाल्या, "काका, घाई नको करू या. माझी मुलं पुन्हा येऊन सगळं नीट तपासतील, मग बोर्डाचं पाहू." काकांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. "बरोबर हाये," म्हणाले. "लिहिलेलं चुकू नये."

घरी येताना काका शीळ घालत होते. फाटकापाशी मला राहवलं नाही. "काका, तुम्ही आयुष्यात कधी टाचणीला चतुर म्हटलं नाही. नवरीचं लग्न नासवलंत पण म्हटलं नाही. मग आज का?" काकांनी कडी काढली. "पाह्य बाबू. टाचणी असून पंख उघडून बसणारी असते एखादी. लई नसते. जशी बसली तशी बसू द्याची. टोकलं का उडून जाते." मग मागं वळून म्हणाले, "पण डोळे पाह्याले पायजे होते लेका. लाजच काढली तू माही." आणि आत जाऊन काकूंना ओरडून सांगितलं, "आयकलं का वो, पोरगं आज मॅडमसमोर असं बोललं, असं बोललं!" काय बोललं ते सांगितलं नाही.

मुलं काही पुन्हा तपासायला आली नाहीत. त्यांच्या परीक्षा असतील. आता काका-काकू नागपूरला मुलीकडं आहेत, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तिनं एकदाचं रेटून करवलं, आणि मग 'आता इथंच राहा' झालं. मी मागच्या खोलीतच आहे. घर झाडतो, ड्रमात पाणी भरतो. त्यांचं हेल्मेट खुंटीला आहे. सकाळी एकटाच बंधाऱ्यावर जातो तेव्हा डोक्यावर घालतो. दुकानातले लोक अजूनही 'चेला' म्हणून हाका मारतात, पण आता मी मोबाइल कानाला लावत नाही.

ते दोन पाइप तसेच उभे आहेत, मधे काही नाही. फिरायला येणारे विचारतात, "भैया, ये किसलिए लगाया है?" आणि माझी मान खाली जाते. काय सांगावं? पाइपांच्या टोकांवर मात्र नेहमी कुणी ना कुणी येऊन बसतं. त्यांना उंच, उघडी जागा आवडते. रविवारी मी तिथं उभा राहूनच फोन लावतो. काकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोण बसून हाये?" मी पाइपाजवळ जातो, टाचा उंचावतो, श्वास धरतो. मग सांगतो, "चतुर." तिकडून प्रश्न येतो, "डोळे पाह्यले?"

"पाहिले, काका."

"मोठ्यानं सांग. आयकू नाही आलं."